पागोळीचे पाणी कोणाचे?



वैशाखाच्या ऐन उकाड्यात मी पावसावर बोलायला उभा राहिलो आहे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण आपल्याकडे घराची शाकारणी वैशाखातच होत असे. पहिली सर कोसळल्यावर कौले चाळायला निघालेला गृहस्थ भिजायचाच. तेव्हा पावसाचा विचार करण्याचा काळ हाच होय, असे समजून आपण माझे बोलणे ऐकून घ्यावे.

'आढ्याचे पाणी वळचणीला' अशी आपली एक म्हण आहे. पाणी उतारानेच जायचे, एवढा सृष्टिक्रम तिच्यात सांगितला आहे. मात्र ही म्हण वळचणीपाशी येऊन थांबते. वळचणीवरून सुटलेली पागोळी पुढे कोठे जाते, अंगणात मुरते, बोळात वाहते की शेजाऱ्याच्या भिंतीत शिरते, याविषयी ती काहीच बोलत नाही. माझा आजचा विषय तेथून पुढचा आहे.

विषय लहान दिसतो. म्हणून प्रथम थोडा हिशेब करू. एक गुंठा जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण १०० लिटर पाणी होते. पुण्यासारख्या गावी वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाकाठी ७०,००० लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरांचे सात टँकर. एखाद्या तासात २५ मिलिमीटरांची जोरदार सर आली, तर त्या एका तासात २,५०० लिटर, म्हणजे दीडशेहून अधिक घागरी आपल्या दारात कोणी तरी ओतून जातो. ओतणारा पैसे मागत नाही, त्यामुळे त्या पाण्याची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. पण ते पाणी कोठे तरी जातेच, आणि जेथे जाते तेथे कोणी तरी राहत असते. पागोळीचे पाणी कोणाचे, हा प्रश्न यातूनच उभा राहतो, आणि तो फार जुना आहे.

सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडोपासून आरंभ करू. तेथील घरे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. घरातले पाणी भिंतीत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळीतून किंवा विटांच्या लहान मोरीतून बाहेर पडे आणि रस्त्याकडेच्या, विटांनी झाकलेल्या गटारात जाई. मध्ये मध्ये गाळ बसण्यासाठी खड्डे ठेवलेले आढळतात. सिंधमध्ये पाऊस थोडा, त्यामुळे या गटारांचे मुख्य काम न्हाणीघरांच्या पाण्याचे असणार. तरी घर आणि रस्ता यांचा पाण्यापुरता करार तेथे झालेला दिसतो. कच्छच्या रणातील धोळावीरा तर दोन हंगामी ओढ्यांच्या मध्ये वसवलेले नगर. तेथील लोकांनी पावसाचे पाणी बाहेर न घालवता मोठमोठ्या तलावांत साठवले. २०२१ साली या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

या नगरांतील नियम कोणते होते, ते आपल्याला वाचता येत नाहीत. लिहिलेला नियम पाहावयाचा तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राकडे यावे लागते. या ग्रंथाची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरे आणि शेजारी यांच्यासंबंधी जे प्रकरण आहे, ते राजवाड्याबाहेर राहणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी अधिक उपयोगी आहे. घरातून पाणी जाण्याचा मार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पद किंवा दीड अरत्नी दूर असावा आणि त्याला पुरेसा उतार असावा, असे तेथे सांगितले आहे. नियम मोडणाऱ्याला चोपन्न पण दंड. पाऊस पडत असताना पन्हळीची वाट मोकळी ठेवली नाही, तर बारा पण दंड. राज्याचा शत्रू आणि मित्र यांची चर्चा करणारा हा शास्त्रकार शेजाऱ्याच्या भिंतीतली ओलही विसरला नाही. दोन घरांच्या तंट्यातूनच गावाची शांतता ढळते, हे त्याने पुरते ओळखलेले होते.

आता तिकडे रोममध्ये काय चालले होते, ते पाहू. रोमन घराच्या मधोमध चौक असे. त्याच्या चारी बाजूंची पाखी आत उतरलेली. पाणी चौकातल्या उथळ कुंडात पडे आणि तेथून खालच्या टाक्यात साठे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात अशी घरे आजही पाहावयास मिळतात. आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण व्हावी असेच हे दृश्य आहे. मला मात्र रोमनांच्या कुंडापेक्षा त्यांचा कायदा अधिक बोधप्रद वाटतो. शेजाऱ्याच्या छपराचे पाणी सोसण्याचा जो अधिकारसंबंध असे, त्यात त्यांनी दोन वेगळे शब्द योजले होते. थेंबाथेंबाने गळणारी पागोळी निराळी आणि पन्हळीत गोळा होऊन एका धारेने पडणारे पाणी निराळे. शेजाऱ्याने पागोळी सोसायचे मान्य केले, म्हणून त्याच्या अंगणात धार सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नसे. शेतजमिनीपुरता त्यांचा आणखी एक नियम होता: वरच्या शेतातले पावसाचे पाणी स्वभावतः खाली उतरत असेल, तर खालच्याने ते सोसावे, पण वरच्याने बांध घालून किंवा चर खणून त्या पाण्याची चाल बदलली आणि त्याने नुकसान होऊ लागले, तर खालच्याला दावा लावता येई. या दाव्याचे मूळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील बारा पाट्यांच्या कायद्यापर्यंत जाते.

हा भेद पुढे युरोपभर गेला. इंग्लंडातील केंट परगण्याच्या ८६८ सालच्या एका सनदेत, घराच्या वळचणीच्या पागोळीसाठी दोन फूट जागा सोडण्याचा रिवाज नमूद आहे. वळचणीखालच्या याच पट्टीत उभे राहून घरातले बोलणे चोरून ऐकणाऱ्याला इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉपर' हे नाव पडले. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत तर स्वच्छच सांगितले आहे की, प्रत्येक मालकाने आपले छप्पर असे बांधावे की त्याचे पाणी आपल्याच जागेत किंवा सार्वजनिक रस्त्यावर पडेल; शेजाऱ्याच्या जागेत ते पाडण्याचा त्याला अधिकार नाही. आपल्याकडे १८८२ साली सुविधाधिकारांचा कायदा झाला आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला. उंचावरच्या जमिनीत पडलेले आणि ठरावीक ओघात न वाहणारे पाणी खालच्या जमिनीवर स्वाभाविकपणे उतरू द्यावे, हा हक्क त्यात मान्य केला आहे. मात्र पन्हळ लावून धार शेजाऱ्याकडे वळवणे हा स्वभाव नव्हे. तो हक्क सांगायचा असेल, तर वीस वर्षे उघडपणे, शांतपणे आणि अखंड तो हक्काने चालवलेला असला पाहिजे.

एवढ्या देशांचा आणि शतकांचा हा फेरफटका पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पाऊस देवाचा खरा. परंतु माणसाने त्याला छप्पर, फरशी किंवा पन्हळ लावली की त्या क्षणापासून ते पाणी त्या माणसाच्या जबाबदारीचे होते. जुन्या कायद्यांची भाषा निरनिराळी असेल, पण त्यांचा निवाडा या एका मुद्द्यावर मिळताजुळता आहे.

आता आपल्या घरी येऊ. पुण्याचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. जोते उंच, दगडी. मध्ये चौक, तो भोवतालच्या ओसरीपेक्षा पायरी-दोन पायऱ्यांनी खाली. पाख्यांवरून उतरलेले पाणी प्रथम चौकात येई, तेथे क्षणभर तुंबे, मग दगडी मोरीतून हळूहळू बाहेर पडे. चौकात किती पायऱ्या बुडाल्या, यावरून घरातली माणसे पावसाचे मान सांगत. परसात आड असे आणि मोरीच्या तोंडाशी अळू व केळ. बांधणाऱ्यांनी हे सारे जलशास्त्राचे पुस्तक वाचून केले होते, असे मी म्हणणार नाही. आडाला पाणी राहावे आणि भिंतीला ओल येऊ नये, या दोन गरजांनी त्यांना ते शिकवले. त्याचा परिणाम मात्र असा होई की, पावसाचे पाणी वाड्यात थोडे रेंगाळून मगच बोळात जाई.

वाड्यांबाहेरचे पाणी ओढ्यांनी न्यावयाचे असे. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा पूर्वी आजच्या जुन्या पेठांमधून वाहत मुठेला मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पर्वतीच्या बाजूने वळवण्यात आला. त्याच काळात कात्रजचा तलाव बांधून बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांना पाणी आणले गेले. त्या राज्यकर्त्यांनी ओढा हलवला, पण ओढा नाहीच असे त्यांनी धरले नाही. त्याला नवी वाट दिली.

मग आपली विचाराची रीत बदलली ती कशाने? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडते. तेथील जुनी भुयारी गटारे मूळ पावसाच्याच पाण्यासाठी होती. घरातली घाण त्यांत सोडण्यास १८१५ पर्यंत मनाई होती. पुढे ती मोकळीक मिळाली, घाण नदीत गेली, पटकीच्या साथी आल्या आणि १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली. तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मोठी भुयारी गटारे बांधून शहराचे प्राण वाचवले. त्याचे ऋण मोठे आहे. पण त्या यशाबरोबर एक समजूतही जगभर पसरली: घरमालकाने पाणी नळात ढकलले की त्याचे काम संपले, पुढचे सरकार पाहील. पाऊस आणि सांडपाणी एकाच भुयारात गेल्यामुळे मोठ्या पावसात ते मिश्रण थेम्समध्ये सांडतच राहिले. ते अडवण्यासाठी लंडनला आता पंचवीस किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खणावा लागला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला.

मुंबईत पावसाची गटारे वेगळी ठेवली गेली, हे शहाणपणाचे झाले. तथापि ती जुनी गटारे ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. ते मान दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटर करावे, असे १९९३ च्या अहवालात सुचवले गेले. त्यानंतर २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. अशा दिवशी कोणाचे अंगण काय करणार, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. त्या पावसापुढे अंगणाचे काही चालत नाही. पण दरवर्षी येणाऱ्या साध्या सरींनीही जेव्हा गल्ल्या तुंबतात, तेव्हा आकाशाकडे बोट दाखवून भागत नाही.

पुण्यालाही हा धडा मिळाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पुणे आणि परिसरात त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक माणसांचे बळी घेतले. ओढ्याकाठच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. ओढ्याच्या पात्रात आलेली बांधकामे, अरुंद पूल, अडलेले नाले यांची चर्चा पुढे पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चर्चेत एक लहान गोष्ट राहून जाते. ओढ्यात आलेले सगळे पाणी डोंगरातले नव्हते. त्यात हजारो छपरांचे, फरसबंद अंगणांचे आणि काँक्रीटच्या बोळांचे पाणी होते. ते पूर्वी वाटेत रेंगाळत असे. आता सगळे एकदम पोहोचते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान दुसऱ्यांच्या दोषांची यादी होईल. माझे घर सव्वा गुंठ्याच्या जागेवर आहे. पूर्वी मागे मातीचे अंगण होते. पावसाळ्यात चिखल होई, पायाला लागून घरात येई. एका उन्हाळ्यात मी अंगणभर शहाबादी फरशी घातली, गच्चीचे दोन्ही नळ तिच्यावर सोडले आणि उतार बोळाकडे दिला. काम इतके नेटके झाले की मी चार जणांना बोलावून दाखवले. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला. माझे अंगण अर्ध्या तासात कोरडे. संध्याकाळी पलीकडच्या काकू दाराशी आल्या. त्यांचे घर जुने, जोते बुटके. बोळातला रस्ता वर्षानुवर्षे थरावर थर देऊन उंच झालेला. त्यांच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी चढले होते आणि पिठाचा डबा भिजला होता. त्या भांडायला आल्या नव्हत्या. "तुमच्याकडे पण आलं का हो पाणी?" एवढेच त्यांनी विचारले. नाही, असे मला म्हणावे लागले. ते पाणी कोठून आले, हे मला त्या वेळी कळले होते आणि मी ते त्यांना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सांगितले.

त्यानंतर मी काय केले, ते थोडक्यात सांगतो; कारण लहान जागेवर करण्यासारखे तेवढेच असते. भिंतीलगतची फरशी ठेवली आणि तिचा उतार जोत्यापासून दूर राखला, कारण पायाशी पाणी मुरू देणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. पलीकडच्या निम्म्या अंगणातली फरशी उचलून तेथे माती मोकळी केली, ती कडेच्या वाफ्यापेक्षा चार बोटे खोल ठेवली आणि अळू लावले. घराच्या पायापासून दहा फुटांवर, मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन तो दगड-गोट्यांनी भरला, हाच शोषखड्डा. संडासाच्या टाकीशी त्याचा काडीचा संबंध ठेवला नाही. गच्चीचे पाणी जाळीतून आणि गाळ बसण्याच्या लहान हौदातून त्या खड्ड्यात जाते. पहिल्या दोन पावसांचे पाणी धूळ आणि कचरा घेऊन येते, म्हणून ते बाहेर सोडतो. खड्डा भरला की उरलेले पाणी बोळाच्या मोरीत जाते. ती वाट मी बुजवलेली नाही. वाट अडवण्यालाही कौटिल्याने दंड सांगितला आहे, हे आपण ऐकलेच.

हा उपाय सर्वत्र सारखा लागू पडत नाही. काळ्या मातीच्या जागेत पाणी सहजी मुरत नाही, आणि ती माती ओलीने फुगून व सुकून आकसत असल्यामुळे घराच्या भिंतींना भेगा जातात. तेथे साठवण्याच्या टाक्याचा विचार करावा. वर खडक उघडा असेल तेथेही तेच. आपल्या जागेत मुरूम किती खाली आहे, हे एक खड्डा घेऊन पाहावे; आणि पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन अंगणात उभे राहावे. पाणी स्वतःच आपला नकाशा काढून दाखवते.

आता कायद्याकडे शेवटचे एकदा वळू. तमिळनाडूने २००३ साली पावसाचे पाणी जिरवण्याची सोय सर्व इमारतींना, जुन्यांनादेखील, सक्तीची केली. तरी चेन्नईने २०१५ साली महापूर पाहिला आणि २०१९ साली पाण्याचा दुष्काळही पाहिला. कायदा खड्डा खणायला लावतो. दरवर्षी त्यातला गाळ काढायला तो येत नाही. बर्लिन शहराने दुसरी वाट धरली. तेथे २००० सालापासून जागेचा जेवढा भाग फरसबंद असून त्याचे पाणी गटारात जाते, तेवढ्या चौरस मीटरांवर वेगळी पट्टी आकारली जाते. ज्याने पाणी आपल्या जागेत जिरवले, त्याची पट्टी कमी. महाराष्ट्रातल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ही सोय ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर बंधनकारक आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांची स्वतंत्र घरे आहेत, त्यांतले बहुतेक या नियमाच्या कक्षेबाहेर असतील, मीही आहे.

मग आपल्यावर कर्तव्य काहीच नाही काय? एका गुंठ्याचे शंभर भूखंड एका गल्लीत-आळीत असतात. तासाला २५ मिलिमीटरांची सर आली की त्यांवर अडीच लाख लिटर पाणी पडते. ते सारे एकदम बोळात सोडण्याची आज आपल्याला मोकळीक आहे. निदान नियमावली आपल्याला हटकीत नाही. परंतु बोळाच्या खालच्या टोकाला कोणाचे तरी बुटके जोते असतेच. ते घर सहसा गरिबाचे असते, नाही तर म्हाताऱ्या माणसाचे असते. आपण प्रत्येकाने आपापले जोते चढवत नेले, तर शेवटी सगळे पाणी त्या एका उंबऱ्यावर जाऊन थांबते. कौटिल्याला, रोमच्या कायदेपंडिताला आणि वाडा बांधणाऱ्या गवंड्याला जो शेजारी दिसत होता, तो मधल्या काळात नळाने आपल्या दृष्टीआड केला. नळ हवेत, गटारे हवीत, ती नगरपालिकेने साफ ठेवली पाहिजेत आणि त्यासाठी आपण तिच्यामागे तगादा लावला पाहिजे. त्याबरोबरच आपल्या वळचणीखालच्या चार हातांचा हिशेब आपण स्वतः ठेवला पाहिजे.

मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. अजून अवधी आहे. गच्चीवरचा पाचोळा काढावा, पन्हळीची तोंडे मोकळी करावीत, मोरीत घातलेली वीट काढावी. पहिली मोठी सर आली की आपल्या जागेतून पाणी बाहेर पडते त्या ठिकाणी उभे राहून, ते पुढे कोणाच्या दाराकडे जाते, एवढे पाहून यावे. आमच्या काकूंचे स्वयंपाकघर गेले दोन पावसाळे कोरडे आहे. अळूची पाने मात्र आता त्याच घेऊन जातात.